तिने नकार दिला नव्हता

मोतुलोआ आरोग्य केंद्र,
१६ फेब्रुवारी

प्रिय फेलेती,

आजचा दिवस दाखवला म्हणून देवाचे आभार मानतो आणि लिहायला बसतो. पत्र तुझ्या मामेभावाच्या हाती, म्हणजे बोटीने येईल. वादळात पडलेला फोनचा मनोरा अजून आडवाच आहे. गावातली डुकरं त्याच्या सावलीला झोपतात. केंद्राच्या छपरावर मात्र एक तबकडी बसवली आहे. ती फक्त टॅबसाठी. रुग्णाला पुढे पाठवायचं तर आता कागदाची चिठ्ठी बंद. टॅबवरचा फॉर्म भरायचा, आणि तो त्याच क्षणी थोरल्या बेटावर तुझ्या टेबलावर पोचतो. तुझी पाठ कशी आहे हे विचारायला त्यात रकाना नाही, म्हणून हे पत्र.

टॅब आला त्या रविवारी तो चर्चमध्ये नेला होता. पाद्रीसाहेबांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मलाही चार शब्द बोलायला लावले. मी म्हणालो, आजवर चिठ्ठी कुणाची, माणूस कुणाचा, हे बघून मोठ्या रुग्णालयाचं दार उघडायचं. या यंत्राला नाती कळत नाहीत, ही देवाची दयाच. लोकांनी आमेन म्हटलं.

आमची परिचारिका लाविनिया जानेवारीत ऑस्ट्रेलियाला गेली, तिकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला. चार मुलं आहेत तिला. दोष देत नाही. नवी बाई मिळेपर्यंत मी एकटा. यंदा बायकांमध्ये खोकला फार आहे. औषधाच्या बाटल्या भराभर संपतायत. पुढच्या बोटीने एक खोकं पाठवशील तर बरं होईल.

काल एक फॉर्म पाठवला आहे. बाई, वय चव्वेचाळीस. सवड झाली तर नजर टाक.

तुझा,
केपुएली

*

थोरलं बेट,
३ मार्च

पाद्रीबुवा केपुएली यांस,

पाठ आहे तिथेच आहे, आणि पोट तिच्या बरंच पुढे. वॉर्डातून काढून मला या खोलीत बसवलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो. आता दिवसभर सगळ्या बेटांचे फॉर्म बघतो. संध्याकाळी कावा प्यायला परातीभोवती मंडळी जमली तरी माझ्या डोळ्यांपुढे रकानेच.

तुझ्या त्या बाईवर नजर टाकली. हिरवी आहे. तुला माहीत नसेल म्हणून सांगतो, रंग मी देत नाही. सिस्टीम रकाने वाचते आणि तीच ठरवते. लाल आला की मी उठून डॉक्टरांकडे पळतो, पळतो म्हणजे चालतो. पिवळा आला की यादीत घालतो. हिरवा आला की तो आपोआप मागे सरकतो आणि नोव्हेंबरात कधीतरी उगवतो.

आता मला सांग, 'छातीत गाठ असल्याचे कळते' असं लिहिणारा माणूस त्याच्याच खाली 'तपासणी: आवश्यक नाही' यावर खूण कशी करतो? गाठीचा आकार, माहीत नाही. किती दिवसांपासून, माहीत नाही. मग कळलं कुणाकडून, खेकड्यांकडून? परीक्षेत माझ्या पेपरात बघून लिहायचास, तेव्हाही यापेक्षा बरं लिहायचास.

नीट भर, म्हाताऱ्या. खोकल्याचं औषध पाठवतोय. सेइनी वहिनीला नमस्कार सांग.

फेलेती

*

मोतुलोआ,
१७ मार्च

प्रिय फेलेती,

औषध मिळालं. देव तुझं भलं करो.

तपासणीच्या रकान्यात तीनच पर्याय आहेत. 'केली', 'रुग्णाने नकार दिला' आणि 'आवश्यक नाही'. यातला एक निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी तपासणी केलेली नाही, तेव्हा पहिला खोटा. तिने नकार दिलेला नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. तेव्हा दुसराही खोटा, आणि तो तिच्या माथी मारलेला. तिसरा खोटा असला तरी निदान माझा स्वतःचा आहे. म्हणून तो निवडला. त्याने रंग बदलतो हे ठाऊक नव्हतं.

विचारता का आलं नाही, ते पत्रात नको.

नीरफणस यंदा चांगला धरलाय. पिकला की पाठवतो.

केपुएली

*

थोरलं बेट,
३१ मार्च

केपुएली,

वीस वर्षं नोकरी करून तू अजून बायकांना लाजतोस, हे इथे कुणाला सांगितलं तर मला माझंच नाव बदलून घ्यावं लागेल. अरे, वॉर्डात असताना तू बाळंतपणं केली आहेस. एकदा तर खटाऱ्यात केलंस, मी कंदील धरला होता आणि मीच बेशुद्ध पडलो होतो. आता छातीला हात लावायचा म्हटलं तर पाद्रीबुवांना पाप वाटतं?

बरं, नाही जमत तर नाही. सेइनी वहिनी आहेत ना? त्यांना पाठव. त्या विचारतील, हात लावून बघतील, तुला येऊन सांगतील. मग तू नवा फॉर्म भर, 'केली' म्हण, मोकळा हो. डोकं लढवायचं काम नाही हे.

मात्र वेळेत कर. परदेशातून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं पथक दहा जूनला येतंय. त्यांची यादी पंधरा मेला बंद होते. त्यानंतर ते येणार नोव्हेंबरात. छातीतली गाठ नोव्हेंबरपर्यंत ठेवायची वस्तू नाही, हे तुला मी सांगायला नको.

फेलेती

*

मोतुलोआ,
२१ एप्रिल

प्रिय फेलेती,

ईस्टर चांगला पार पडला. पहाटेच्या प्रार्थनेला समुद्र इतका शांत होता की गाणारे आपोआप हळू गायले.

तू सुचवलंस ते योग्य होतं, पण तू लिहिलंस ते कारण नव्हतं. मी तुझ्यापासून लपवलं. ती बाई फिपे आहे. फॉर्मवर बाप्तिस्म्याचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव आहे, म्हणून तुला कळलं नाही. माझी बहीण. आपण शिकत होतो तेव्हा दर शनिवारच्या बोटीने वसतिगृहावर टोपली यायची, ती पाठवणारी.

आता बाकीचं तुला सांगायला नको. ती घरात आली की मी बाहेर पडतो. तिच्या चटईवर मी आजवर बसलेलो नाही. माझ्याहून चार वर्षांनी लहान असली तरी टोंगात बहिणीची जागा भावाच्या वर. तिच्या देहाविषयी मी तोंड उघडणं तर दूरच, माझ्यासमोर दुसऱ्या कुणी बोललं तरी तो तिचा अपमान. फेब्रुवारीत तिचा नवरा मोसेसे जाळं सोडवत होता. समुद्राकडे बघत म्हणाला, "तुझ्या घरातल्या एकीला छातीत गाठ आहे. लिहून टाक." मी म्हटलं, "लिहितो." त्यानंतर आम्ही माशांबद्दल बोललो.

सेइनीला पाठवलं. ती परत आली, चुलीपाशी बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिंबाएवढी."

फॉर्मला मिलिमीटर लागतात. मी परसातून एक लिंबू तोडून आणलं. "एवढी?"

"नाही. मोठी."

दुसरं आणलं.

"याच्याहून जराशी मोठी. आणि अशी गोल नाही."

तिसरं लिंबू केंद्रातल्या पट्टीवर ठेवून मोजलं. चौतीस. किती दिवसांपासून, असं विचारलं तर म्हणाली, "नाताळच्या आधीपासून. आता पुरे, मला अजून विचारू नका. ती रडली नाही, मीच रडले."

'केली' यावर खूण केली आणि खाली खरं ते लिहिलं, की माझ्या पत्नीने केली. रंग लाल आला. मी टॅबसमोर गुडघे टेकले. उठलो तेव्हा पडद्यावर एक ओळ होती: हा रुग्ण यादीत आधीच आहे, नवा फॉर्म बंद करण्यात आला आहे. जुना जिथे होता तिथेच आहे. हिरवा.

तू तिथे आहेस. काही होतं का बघ.

केपुएली

*

थोरलं बेट,
३० एप्रिल

केपुएली,

पत्र वाचलं. खेकड्यांचं आणि बाकी जे लिहिलं ते मागे घेतो. त्या टोपलीतलं नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू निम्मं मी खाल्लेलं आहे. कधी कधी निम्म्याहून जास्त.

रुग्णालयाच्या मुख्य बाईंकडे गेलो. म्हटलं, "एका बाईचा रंग बदलायचा आहे. फॉर्म चुकीचा भरला गेलाय."

"तुझी कोण?"

"माझी कोणी नाही. मित्राची बहीण."

हे बोललो तिथेच फसलो. बाई चष्मा काढून म्हणाल्या, "फेलेती, गेल्या वर्षी एका साहेबांच्या मावशीला रांगेच्या पुढे घातलं, तेव्हा गच्चीवर चढून ओरडायचा बाकी राहिला होतास. तुझ्यासारख्यांनी ओरडलं म्हणूनच रंगाला हात लावायची सोय काढून टाकली. माझ्याकडेही ती नाही."

खोटं बोलत नाहीत त्या. डॉक्टर लुपे असती तर तिच्या पाया पडलो असतो, पण ती दूरच्या बेटांच्या दौऱ्यावर आहे, मेअखेरीस येईल.

एकच वाट दिसते. जुना फॉर्म तू स्वतः मागे घे. तो गेला की नवा आत येईल, लाल येईल, आणि पंधरा तारखेच्या आत आला की मी तिला यादीत बसवतो. मागे घेताना ते कारण विचारेल. दोनच कारणं आहेत: 'रुग्ण मृत' आणि 'रुग्णाने नकार दिला'. तुला काय निवडायचं ते उघड आहे.

तुझ्या मनात काय येईल ते मला इथून दिसतंय. अरे, ती खूण आहे, शपथ नाही. देवाला फॉर्म वाचता येत असतील तर त्याला तुझं कारणही वाचता येईल. कर.

फेलेती

*

मोतुलोआ,
१२ मे

फेलेती,

बोट थांबली आहे, म्हणून थोडक्यात.

तुझं पत्र मिळाल्यावर तीन दिवस काही केलं नाही. खूण केली की खाली माझं नाव येतं, तारीख येते. मला ती शपथच वाटली. काल दुपारी चर्चमध्ये एकटाच बसलो. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही. उठून केंद्रात आलो आणि 'रुग्णाने नकार दिला' यावर बोट ठेवलं.

जुना फॉर्म गेला. नवा भरला, पाठवला. पडद्यावर आलं: या रुग्णाने सेवा नाकारली असल्याने नव्वद दिवस नवा फॉर्म स्वीकारला जाणार नाही.

तुला हे माहीत होतं का, असं विचारत नाही. नसणार.

केपुएली

*

थोरलं बेट,
२१ मे

केपुएली,

मला माहीत नव्हतं. या खोलीत कुणालाच नव्हतं. आम्ही हात जोडून सिस्टीम बसवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, की नकार देणाऱ्या रुग्णांवर पुन्हा पुन्हा दबाव येऊ नये म्हणून तशी सोय आहे. रुग्णाच्या भल्यासाठी.

माझ्या सांगण्यावरून तू ते केलंस. हे मी विसरणार नाही, तू विसरलास तरी.

आता ऐक. डॉक्टर लुपे लवकर परतली. मी तिला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फॉर्म गेला खड्ड्यात. बाईला बोटीत बसव आणि इथे आण. मी बघते. अजूनही पथकापुढे उभी करीन मी तिला, मग ओरडू दे कुणाला ओरडायचं ते."

हे पत्र घेऊन येणारीच बोट पकडा. ती तुमच्याकडे तासभरच थांबेल, आणि इथे परतली की चार आठवडे डागडुजीला जाणार आहे. मी धक्क्यावर उभा राहतो. फिपेला फक्त बोटीत बसायचं आहे. बाकी काही करायचं नाही.

फेलेती

*

मोतुलोआ,
२६ जून

प्रिय फेलेती,

तू धक्क्यावर उभा राहिला असशील, हे मला त्या दिवसापासून दिसत आहे. आज एक मासेमारीची नाव तिकडे निघाली आहे, तिच्याबरोबर हे पत्र देतो.

बोट आली तेव्हा मी धक्क्यावरच होतो. पत्र तिथेच फोडलं. सेइनी बेटाच्या पलीकडच्या मळ्यात रताळी काढायला गेली होती, चालत दीड तास. मोसेसे खडकांच्या बाहेर समुद्रात. एका पोराला मळ्याकडे पिटाळलं आणि मी फिपेच्या घरी गेलो.

ती दारात बसून चटई विणत होती. उजव्या हाताने विणत होती, डावा मांडीवर ठेवला होता. मी वाटेवर थांबलो. अंगणात पाऊल टाकलं नाही. पत्र माझ्या हातात होतं.

मी म्हणालो, "बोट आलीय."

ती म्हणाली, "हो. दिसली."

मी तिथेच उभा राहिलो. तिने मान वर केली नाही. तिनेही कशी करावी? एक वाक्य होतं, फेलेती. थोरल्या बेटावर एक डॉक्टर तुझी वाट बघते आहे. एवढंच. यात छातीचा शब्दसुद्धा नाही. पण का वाट बघते, हे तिला कळलं असतं. आणि मला सगळं ठाऊक आहे, लिंबू मोजण्यापर्यंत ठाऊक आहे, हेही त्याच क्षणी कळलं असतं. तिच्या दारात, माझ्या तोंडून.

मी पुन्हा म्हणालो, "बोट आलीय. तासभर थांबणार आहे."

ती म्हणाली, "कुणी यायचं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

सेइनी धावत आली तेव्हा बोट खडकांच्या बाहेर गेली होती. तिने त्याच संध्याकाळी फिपेला सगळं सांगितलं. फिपे म्हणाली, "मग मघाशी तो तेच सांगायला आला होता. बिचारा किती वेळ उन्हात उभा होता." 

गेले चार आठवडे मी पवित्र शास्त्र उघडतो आणि मिटतो. बोट दुरुस्त होऊन आली की फिपे पहिल्या फेरीला येईल. सेइनी सोबत असेल.

केपुएली

*

थोरलं बेट,
१६ जुलै

केपुएली,

सेइनी वहिनी तुला सांगतीलच, पण मी लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

फिपे बोटीतून उतरली आणि माझ्या हातात टोपली दिली. पंचवीस वर्षांनी. "तुम्हीच ना, माझ्या भावाचं जेवण खाणारे?" म्हणाली. मी म्हटलं, "बाई, तो बारीक राहिला तो माझ्यामुळे." ती हसली. डावा हात सुजलेला होता, एक शाल त्यावर ओढून घेतली होती.

डॉक्टर लुपेने अर्धा तास तपासलं, मग फोटो काढले, मग मला बाहेर बोलावलं. हाडांत गेलंय, केपुएली. यकृतातही. पथक जूनमध्येच येऊन गेलं. पण ते आज इथे असतं तरी त्यांनी सुरी लावली नसती. वेदना कमी करायच्या गोळ्या दिल्या आहेत. मी विचारलं, "फेब्रुवारीत असती तर?" लुपे म्हणाली, "ते मला विचारू नकोस, आणि तिच्या भावालाही विचारू देऊ नकोस." म्हणून तूही विचारू नकोस.

अजून एक आहे. फिपे म्हणाली होती भावाला सांगू नका, आणि मी सांगतो आहे. दोन रात्री विचार केला. मला वाटतं तुला कळायला हवं. त्या केंद्रात अजून बायका येणार आहेत.

वहिनी औषधाच्या रांगेत होत्या. फिपे माझ्या शेजारी बाकावर बसली होती. म्हणाली, "मी केंद्रात तीनदा गेले होते. लाविनिया गेल्यावर. वाटलं होतं, नवी बाई आली असेल. दर वेळी तो एकटाच असायचा. मला बघितलं की उठून कपाटाकडे तोंड करून उभा राहायचा, आणि विचारायचा, काय हवं? मी म्हणायचे, खोकल्याचं औषध. तो मागे न बघता बाटली टेबलावर ठेवायचा. चांगला आहे माझा भाऊ. तिन्ही बाटल्या घरात आहेत, उघडल्यासुद्धा नाहीत. परत द्यायला हव्यात. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

शुक्रवारच्या बोटीने दोघी निघतील.

फेलेती

*

मोतुलोआ,
९ ऑक्टोबर

प्रिय फेलेती,

आजचा दिवस दाखवला म्हणून देवाचे आभार मानतो. हे वाक्य लिहायला आज वेळ लागला, तरी लिहितो.

फिपे एकोणीस सप्टेंबरला सकाळी गेली. चर्चची घंटा झाली होती. सेइनी तिच्याजवळ होती. मी अंगणाबाहेर, नीरफणसाखाली होतो. शेवटचा महिनाभर तिथेच बसायचो. कधी कधी आतून सेइनी मोठ्याने विचारायची, "उन्हात बसलेत का अजून?" आणि फिपे तिला काहीतरी हळू सांगायची. मग एक मुलगी माझ्यासाठी शहाळं घेऊन यायची.

अंत्यविधीत भावाची जागा मागे, भट्टीपाशी. तीन दिवस मी दगड तापवले, डुकरं भाजली, अळू शिजवलं. आत बायका गात होत्या. मी तिला पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. धूर होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

नंतर मोसेसे केंद्रात आला. तीन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. मी नोंदवही काढली. जानेवारीपासून खोकल्याच्या औषधाच्या सत्तेचाळीस बाटल्या बायकांना दिल्यात. मी तुला लिहिलं होतं, यंदा खोकला फार आहे. तू खोकं पाठवलंस. आपण दोघांनी किती तत्परतेने औषध पुरवलं.

आता दर गुरुवारी सेइनी केंद्राच्या ओसरीवर बसते आणि मी मळ्यात निघून जातो. गेल्या गुरुवारी सहा बायका आल्या. दोघींना खोकला होता.

तुझ्याकडे एक मागणं आहे. दुसरं काही मागणार नाही. टॅब उघडला आणि तिचं नाव काढलं की खाली येतं: रुग्णाने नकार दिला. त्याच्याखाली माझं नाव आणि अकरा मे. तिने आयुष्यात कुणाला नकार दिला नाही, फेलेती. मी वाटेवर उभा होतो तेव्हा मी नुसता हात हलवला असता तरी ती उठून बोटीत बसली असती. ती ओळ तेवढी काढून घे. माझं नाव राहू दे. माझ्याबद्दल काय वाटेल ते लिहा.

केपुएली

*

थोरलं बेट,
१ नोव्हेंबर

केपुएली,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कामाला लागलो. मुख्य बाईंनी या वेळी काही विचारलं नाही, स्वतः कंपनीला फोन लावला. अर्धा तास त्या बोलत होत्या, आवाज चढवून बोलत होत्या. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "नोंद बदलता येते. रुग्णाच्या स्वतःच्या सहीचा अर्ज लागतो."



माझ्या हातात होतं ते केलं. ते फार थोडं आहे. तो कागद छापून काढला. त्या ओळीवर पेनने रेघ मारली आणि वर लिहिलं, 'तिने नकार दिला नव्हता.' खाली माझी सही केली. मुख्य बाईंनी कागद ओढून घेतला आणि त्यांचीही केली. डॉक्टर लुपेने वाचला, सही करून परत दिला.

कागद ठेवायला जागा शोधत होतो. आमच्याकडे आता कागद ठेवत नाहीत. जिन्याखाली जुन्या चिठ्ठ्यांचं पत्र्याचं कपाट अजून आहे, गंजून दार घट्ट बसलंय. मी आणि शिपायाने खांदा लावून ते उघडलं. आत तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, वीस वर्षांच्या. त्यांच्यावर फिपेचा कागद ठेवला. दार पुन्हा लावलं. ते कपाट कोणी उघडत नाही, हे तुला सांगायला हवं.

पडद्यावर मात्र तेच आहे. आत्ता हे लिहिताना पुन्हा बघितलं.

खोकल्याचं औषध या वेळी पाठवलेलं नाही. हवं असेल तर कळव.

फेलेती